व्हॅनमधला पलंग हा गुन्हा नव्हे

स्वतःच्या व्हॅनमध्ये झोपायची फळी बसवणारा, सरकत्या काचेच्या फटीत पंखा अडकवणारा, मागच्या दाराखाली ओढून काढायचा ओटा करणारा माणूस कायदा मोडतो, स्वतःच्या नि इतरांच्या जिवाशी खेळतो आणि वर पैसेही वाया घालवतो, असं हल्ली फार ठामपणे सांगितलं जातं. सांगणाऱ्यांत वाहन उद्योगात आयुष्य घालवलेले अभियंते आहेत, आरटीओच्या दारात बसणारे एजंट आहेत, विम्याचे सल्लागार आहेत आणि तयार कॅराव्हॅन भाड्यानं देणारेही आहेत. सगळ्यांचा सल्ला एकच: एवढी हौस असेल तर प्रमाणित कॅराव्हॅन विकत घ्या, ते झेपत नसेल तर भाड्यानं घ्या, पण ड्रिल हातात घेऊ नका.

मला हा सल्ला चुकीचा वाटतो. त्यातला जिवाच्या भीतीचा भाग तर घातकच वाटतो, कारण धोका नेमका कुठे आहे हे तो सांगत नाही. जे निरुपद्रवी आहे त्याची तो भीती घालतो आणि जे जिवावर बेततं त्याबद्दल गप्प बसतो. मी मारुतीची पाच आसनी ईको व्हॅन वापरतो. तिच्या डिकीत बसणारी पेटी, पेटीवरून मागच्या सीटच्या पाठीवर उलगडणारी फळी, पाण्याचा जार, बॅटरीचा डबा आणि खिडक्यांचे कापडी झाकपट हे सगळं सुताराच्या मदतीनं घरी केलेलं आहे, आणि एका पान्यानं ते सगळं उतरवून गाडी परत कारखान्यातून आली तशी करता येते. हे शेवटचं वाक्य माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया आहे.

आधी कायदा पाहू, कारण वाद तिथूनच सुरू होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, केंद्रीय परिवहन मंत्रालयानं गाड्यांच्या पुढचे लोखंडी बुलबार कलम ५२ खालीच बेकायदा ठरवले होते आणि ते योग्यच केलं. तसला गार्ड पादचाऱ्याला जास्त जखमी करतो आणि धडकेत चुरमडून धक्का पचवायचा गाडीच्या तोंडाचा गुणच मारून टाकतो.

हे सगळं मान्य. पण कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाबद्दल बोलतं. त्या आरसीवर काय असतं? चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, इंधन, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचं वजन, व्हीलबेस, रंग. डिकीत ठेवलेली प्लायची पेटी यातल्या कुठल्या रकान्यात बदल करते? गादी करते का? पाण्याचा जार करतो का? गणपतीला गावी जाताना याच डिकीत ट्रंका, पातेली आणि तांदळाची पोती भरली जातात, तेव्हा कोणी त्याला गाडीतला बदल म्हणत नाही. पेटीला बिजागरी लावली आणि तिच्यावर माणूस झोपला, म्हणून ती सामान असायची थांबत नाही.

रेषा कुठे ओढायची, याबद्दल माझं मत कडक आहे आणि ते हौशी मंडळींनाही आवडणार नाही. छत कापून झडप बसवणं, छत उचलतं करणं, बाजूच्या पत्र्यात नवी खिडकी काढणं, सीट कायमची काढून आसनसंख्या बदलणं, चासीला वेल्डिंग करणं ही कामं घरची नव्हेत. ज्याला ती हवी आहेत त्यानं रीतसर मार्गानं जावं. तसा मार्ग आहे: कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, आणि केंद्र सरकारच्या वाहनप्रकारांच्या यादीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार नावानिशी आहे. म्हणजे कॅम्पर ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. पण वेल्डर आणि कटर यांच्याशिवाय जे बसतं आणि त्यांच्याशिवाय जे निघतं, त्याला 'मॉडिफिकेशन' म्हणून घाबरवणं हे कायद्याचं वाचन नव्हे. एजंटच्या टेबलावर ही भीती विकली जाते, आणि ती घेणारे पुष्कळ आहेत.

काढता येणारं सामान ही पळवाटही नाही. कॅम्पर व्हॅनचा इतिहासच तिथून सुरू होतो. फोक्सवॅगनची टाइप-टू व्हॅन १९५० मध्ये आली, आणि त्या दशकाच्या सुरुवातीलाच जर्मनीतल्या वेस्टफालिया या गाडीबांधणीच्या कारखान्यानं तिच्यासाठी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. ते एक सुटं कपाट होतं, सोबत बसायची-झोपायची सोय होती. आठवडाभर त्याच गाडीतून मालाची ने-आण करायची आणि सुटीच्या दिवशी कपाट आत चढवून कुटुंबानं बाहेर पडायचं, असा तो हिशेब. एकच गाडी परवडणाऱ्या माणसासाठी ती सोय होती. आपल्याकडे दोन गाड्या परवडणारे किती आहेत?

विम्याचा मुद्दा थोडक्यात उरकता येतो. बदल केला की क्लेम बुडाला, असं सरसकट सांगतात. पण आपल्या मोटार विम्याच्या टॅरिफमध्येच कारखान्यानं न दिलेल्या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक जोडसामानासाठी वेगळं कलम आहे, आयएमटी-२४. त्याखाली अशा सामानाची किंमत जाहीर करून, त्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता भरून ते विम्यात घेता येतं. लपवलेली गोष्ट क्लेम बुडवते. जाहीर केलेल्या गोष्टीसाठी कागद आहे, तो मागून घ्यावा.

आता सुरक्षितता. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण टीका करणारे इथे फक्त 'आग लागते' एवढंच म्हणतात आणि पुढे जातात. आग लागते हे खरं आहे. ती का लागते हे न सांगणं हा मात्र मोठा अपराध आहे.

बारा व्होल्टनं शॉक लागत नाही, म्हणून लोक त्याला खेळणं समजतात. घरचं वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन बोलावतात. तो कामात तरबेज असतो, पण त्याच्या हाताला सवय २३० व्होल्टची असते. घरात दहा अँपियरच्या कामाला तो जी तार ओढतो, तीच तो गाडीत ओढतो. हिशेब करून पाहा. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१९ ओहम. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत पाच मीटर, परतीची पाच, एकूण दहा मीटर. दहा अँपियर वाहू लागले की वाटेतच जवळजवळ दोन व्होल्ट गळतात. घरात २३० मधले दोन गेले तर कोणाला कळतही नाही. गाडीत बारातले दोन गेले की फ्रिज बंद पडतो आणि ते दोन व्होल्ट तारेत उष्णता होऊन बसतात. मग मालक म्हणतो, बॅटरी खराब आहे. तो मोठी बॅटरी आणतो, तार तीच ठेवतो. अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची तार वापरली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता, आणि किमतीतला फरक एका जेवणाच्या बिलाएवढाही नाही.

दुसरी गोष्ट फ्यूजची. हल्ली लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या सहज मिळतात. चार सेलची, १२.८ व्होल्टची, शंभर अँपियर-तासाची बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-तास. जुन्या शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी लागायची, हिच्यातली जवळजवळ सगळी वापरता येते, वजनही निम्म्याहून कमी. उत्तम वस्तू आहे. पण तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की तार कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर ती क्षणात शेकडो अँपियर ओतू शकते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच हवा. मी पाहिलेल्या कित्येक गाड्यांत तो टोकाला, उपकरणापाशी असतो, जिथे तो उपकरणाला वाचवतो आणि गाडीला जळू देतो. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, आणि तार सुरू होते बॅटरीपाशी. तार पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट हवं, लग नीट क्रिम्प केलेला हवा, पिळून टेप गुंडाळलेला सांधा तर कुठेच नको. गाडी हलते, घर हलत नाही.

चार्जिंगबद्दलही तेच. गाडीच्या अल्टरनेटरला ही बॅटरी थेट जोडली की ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते, आणि तासन्‌तास पूर्ण भारावर चालायला न केलेला अल्टरनेटर तापून निकामी होतो. मध्ये वीस-तीस अँपियरची मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर लावावा लागतो. ही यंत्रं महाग आहेत, म्हणून ती गाळली जातात. शंभर वॅटचं सौर पॅनल महाराष्ट्रातल्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण चारशे वॅट-तास देतं. पंखा, दिवे, मोबाइल आणि काटकसरीनं चालवलेला छोटा कॉम्प्रेसर फ्रिज एवढ्यात भागतं. भागत नाही ते इंडक्शन शेगडीचं. दोन हजार वॅटची शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्गे एकशेसाठ अँपियरहून जास्त ओढते. दहा मिनिटांत बॅटरीचा चौथा भाग संपतो, आणि तेवढ्या प्रवाहाला पुरेल अशी तार करंगळीएवढी जाड लागते. व्हॅनमध्ये इंडक्शन लावून दाखवणाऱ्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. टीका करणाऱ्यांनी हे एक उदाहरण घेऊन बोलायला हवं होतं, मी त्यांच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

मग स्वयंपाक कशावर? बाहेर, आणि फक्त बाहेर. ईकोचं मागचं दार वर उघडतं, त्याची आयती सावली होते. त्याखाली रुळावरून ओढून काढायचा ओटा केला की पावसाची बुरबुर असली तरी चहा होतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो तळाशी साचतो, फळीच्या खाली, बॅटरीच्या डब्यापाशी, आणि कुठल्या तरी रिलेच्या ठिणगीची वाट पाहतो. सीएनजी हवेपेक्षा हलका, तो वर निघून जातो. कारखान्यातून सीएनजी गाड्या येतातच की, असं म्हणून आत गॅसची टाकी ठेवणाऱ्यांना हा फरक कोणी समजावून सांगत नाही. गावी जाताना वापरायचा पाच किलोचा छोटा सिलिंडरही बंद गाडीत, माणसं झोपलेली असताना, असता कामा नये. रात्री तो बाहेर ठेवावा, रेग्युलेटर काढून.

आणि कार्बन मोनॉक्साइड. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. तपासात निष्पन्न झालं की जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. ही घटना सांगून मला विचारलं जातं की आता तरी पटलं का. मला पटतं ते असं: ती काही कोणाच्या डिकीत ठेवलेली प्लायची पेटी नव्हती, वातानुकूलन चालवायला जनरेटर लागणारी मोठी कॅराव्हॅन होती. जिथे जनरेटर नाही, इंजिन बंद आहे, आत ज्योत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या आहेत, तिथे हा वायू तयार होण्याचं कारणच मुळात उरत नाही. तरीही डिटेक्टर प्रत्येक गाडीत हवा, कारण शेजारी उभी राहिलेली गाडी तुमच्या हातात नसते. म्हणजे धोका सामानाच्या निवडीत आहे. घरी केलं की कारखान्यात केलं, हा प्रश्न नंतरचा आहे.

वजनाबद्दल तर कोणीच बोलत नाही, ना टीका करणारे ना हौस करणारे. अठरा मिलिमीटर प्लायचा एक आठ बाय चारचा तुकडा तीस-पस्तीस किलोचा असतो. घरचा सुतार घरच्यासारखंच कपाट करतो, वर सनमायका लावतो, आणि गाडीत न बसलेल्या दोन माणसांचं वजन कायमचं बसतं. बारा मिलिमीटरचा मरीन प्लाय पुरतो; ॲल्युमिनियमचे प्रोफाइल असतील तर नऊचाही चालतो. छतावर काहीही जड नको. ईकोसारखी अरुंद आणि उंच गाडी वरंध किंवा आंबोली घाटात वळताना छतावरच्या चाळीस किलोंचा हिशेब लगेच मागते. पाणी लिटरला किलो: वीस लिटरचा जार तळाशी, मागच्या आसाच्या पुढे, पट्ट्यानं जखडलेला हवा. पन्नासच्या वेगानं समोर टक्कर झाली तर तोच मोकळा जार पुढच्या सीटच्या पाठीवर कित्येकशे किलोंच्या जोरानं आदळतो. म्हणून पेटी पत्र्यातल्या स्क्रूवर न ठेवता तळातल्या कारखान्यानं दिलेल्या बोल्टच्या जागांना धरावी. नवं भोक पाडायची वेळ आली तर आधी खाली वाकून पाहावं. तिथून इंधनाची नळी जाते, टाकीही तिथेच असते.

ही माहिती गुपित नाही. पण ती मराठीत, साध्या शब्दांत, गॅरेजमधल्या पोराला समजेल अशी कोणी देत नाही. द्यायचं सोडून 'करूच नका' म्हटलं जातं. करणारे करतातच. फक्त चुकीच्या तारेनं करतात.

आता मूळ सल्ला: तयार कॅराव्हॅन घ्या. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी आणलं. मला त्या धोरणाचा विरोध नाही. कॅराव्हॅन पार्क व्हावेत, तिथे पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असावी, हे सगळं चांगलं आहे. पण ही धोरणं ज्या गाडीचं चित्र डोळ्यांपुढे ठेवतात ती बसच्या आकाराची असते. ती महामार्गावर शोभते. गुहागरकडच्या चिऱ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या वाटेवर तिला वळता येत नाही, भंडारदऱ्याच्या काठावरच्या वाडीत तिला उभं राहायला जागा नाही, आणि सोमवारी ती कामावर नेता येत नाही. ईको सोमवारी दुकानाचा माल आणते.

याहून मोठं कारण वेगळं आहे. भाड्याची गाडी सगळ्यांसाठी केलेली असते, म्हणून ती कोणाच्याच मापाची नसते. माझ्या आईचे गुडघे वाकत नाहीत. तिला जमिनीपासून किती उंचीवर बसलं की उठता येतं, हे मला माहीत आहे. कुठल्याही कारखान्याला ते माहीत असण्याचं कारण नाही. आमच्या गाडीतली पेटी त्या उंचीची आहे. सरकत्या दाराच्या आत, तिच्या उजव्या हाताला येईल अशी मूठ आहे. सर्जिकलच्या दुकानात मिळणारी घडीची कमोड-खुर्ची आहे, आणि ती लावायला पडद्याची जागा आहे. महामार्गावर बाईमाणसाला, त्यातही म्हाताऱ्या बाईमाणसाला, स्वच्छतागृहासाठी काय सोसावं लागतं हे ज्यानं जवळून पाहिलंय, त्याला या एका खुर्चीची किंमत सांगायला नको. पुण्याहून पंढरपूरला जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून पाणी पिणं बंद करणाऱ्या बायका आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. अशा माणसांना घराबाहेर काढणाऱ्या गोष्टीला चैन म्हणणं मला सहन होत नाही.

आपल्या हवामानाचंही तेच. परदेशातल्या व्हॅनचं सगळं शास्त्र थंडीतून निघालं आहे: भिंतींत जाड लोकर भरा, आत लाकडाचं अस्तर लावा. कोकणात जुलैमध्ये तसलं अस्तर लावलं की आत बुरशी आणि पत्र्याला गंज. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. ते गार पत्र्यावर जमतं आणि लोकरीत मुरतं. आपल्याला पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम हवा, तो पत्र्याला घट्ट चिकटलेला हवा, आणि हवा खेळती हवी. बारा व्होल्टचे कमी विजेचे पंखे दोन: एक हवा आत घेणारा, एक समोरून बाहेर टाकणारा. काचांवर काळी फिल्म लावायचा विचारही नको. सर्वोच्च न्यायालयानं ती २०१२ मध्येच बंद केली. गाडी उभी केल्यावर चुंबकानं चिकटवायचे आणि निघताना काढून ठेवायचे कापडी झाकपट करावेत, आतून काळे, बाहेरून चंदेरी. तशाच चुंबकाच्या पट्टीवर मच्छरदाणी. हे शिवायला घरचं शिलाई मशीन पुरतं, आणि विदर्भातल्या उन्हात दुपारी गाडी झाडाखाली उभी करून लवंडायचं असेल तर कुठल्याही महागड्या वस्तूपेक्षा याचा उपयोग जास्त होतो. एलईडीच्या रंगीत पट्ट्या, टीव्ही आणि छताला लटकणारी शोभेची झुंबरं यांचा उपयोग मला अजून कोणी पटवून दिलेला नाही.

शेवटचा आक्षेप असा, की हे कामचलाऊ काम असतं, आपल्याकडे त्याचं कसब नाही. हा आक्षेप महाराष्ट्रात बसून घ्यावा याचं मला वाईट वाटतं. आपली एसटी अनेक दशकं दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या स्वतःच्या कार्यशाळांत चासीवर बॉडी बांधत आली. ज्या लाल गाडीनं गावोगावची मुलं शाळेत नेली, तिच्या खिडक्या-बाकड्यांना आपल्याच माणसांचे हात लागले आहेत. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर एका गावात रुग्णवाहिका होती, दुसऱ्यात शाळेची गाडी, तिसऱ्यात लग्नाच्या वऱ्हाडाची. ते सगळं आतलं काम स्थानिक गॅरेजनं केलेलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भोसरीत, सातपूरला पत्रा वाकवणारे आणि जोडणारे असे लोक आहेत की त्यांना चित्र काढून दिलं तर ते मिलिमीटरवर काम देतात. आषाढीच्या वाटेवरच्या दिंड्यांचे ट्रक पाहा: शेगड्या, पातेली, पाण्याच्या टाक्या, तंबू, शिधा, सगळं रोज उतरवायचं, रोज चढवायचं, शेकडो माणसांना वेळेवर जेवू घालायचं. गाडीतून संसार चालवायची विद्या आपल्याला नवी नाही. त्यात विजेच्या नव्या सामानाची नीट माहिती घालायची आहे, एवढंच काम बाकी आहे, आणि ते आयटीआयच्या विद्यार्थ्याला आठवडाभरात शिकवता येतं.

ज्यांनी गाडी घेतली आहे आणि काहीतरी करायच्या विचारात आहेत, त्यांना माझं सांगणं: आधी काहीही न बसवता एक रात्र गाडीत झोपा, मग काय लागतं ते ठरवा. पहिला खर्च फ्यूज, योग्य जाडीची तार, कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर आणि कोरड्या पावडरचं अग्निशामक यांवर करा. फळी आणि गादी नंतर. आणि जे बसवाल ते काढता येईल असंच बसवा.

परिवहन खात्याला माझी विनंती आहे. गाडीच्या आत, आरसीतला कुठलाही रकाना न बदलता, काय ठेवता येतं आणि काय येत नाही याची एक पानाची मराठी यादी काढावी. आसनसंख्या, छत, चासी आणि बाहेरचा पत्रा यांना हात लावायचा नाही, हे त्यात ठळक लिहावं. सुटी पेटी, सुटी बॅटरी, सुटा ओटा चालतात, हेही तितकंच ठळक लिहावं, म्हणजे नाक्यावरच्या हवालदाराला आणि गाडीमालकाला एकच कागद दाखवता येईल. बॅटरीजवळ फ्यूज आणि गाडीच्या आत गॅस नको, या दोन अटी सक्तीच्या कराव्यात. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय पुण्यातच आहे. असे दोन नियम पडताळून द्यायला तिला नवी प्रयोगशाळा लागणार नाही. कॅराव्हॅनच्या धोरणात पार्किंगची सोय करताना पावणेचार मीटरच्या छोट्या गाडीलाही एक जागा आणि पाण्याचा एक नळ द्यावा. यातल्या कशालाही कायद्यात दुरुस्ती करावी लागत नाही. एक परिपत्रक पुरेसं आहे.